पुडिंगमधलं जाफराबाद

युरोपच्या इतिहासावरचं कुठलंही जाडजूड पुस्तक उघडा, एक व्यंगचित्र त्यात हमखास सापडतं. एक टेबल आहे. टेबलावर वाफाळणारं गोल पुडिंग, आणि ते पुडिंग म्हणजे चक्क पृथ्वीचा गोल. डावीकडे ब्रिटनचा पंतप्रधान धाकटा पिट, काडीसारखा किडकिडीत. उजवीकडे नेपोलियन, एवढासा, अधाशासारखा खुर्चीतून उठलेला. पिट समुद्र कापून घेतोय, वेस्ट इंडीजसकट. नेपोलियन तलवारीने युरोप कापतोय. जेम्स गिलरे नावाच्या चित्रकाराचं हे चित्र २६ फेब्रुवारी १८०५ ला लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. त्याला दोनशे वर्षं उलटून गेली, पण दोन बडे देश कुठे वाटाघाटीला बसले की कुणीतरी व्यंगचित्रकार हेच टेबल पुन्हा मांडतो.

मी मूळचा जाफराबादचा. पुण्यात हे सांगितलं की निम्मे लोक विचारतात, 'ते म्हशींवालं का?' नाही हो, ते गुजरातेत. आमचं जालना जिल्ह्यातलं, खेळणा आणि पूर्णा या नद्यांच्या संगमावरचं. तालुक्याचं गाव, जुनी गढी, पलीकडे बुलढाणा जिल्हा. कुठलाही नकाशा समोर आला की आपलं गाव शोधायची जी खोड सगळ्यांना असते ती मलाही आहे. म्हणून मी त्या पुडिंगवर जाफराबाद शोधलं. गाव सोडाच, अख्खा हिंदुस्थान दोघांपैकी कुणाच्याच तुकड्यात नाही.

आता यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, एक बारीकशी गोष्ट सोडली तर. हे चित्र छापलं गेलं त्याच्या दीडच वर्ष आधी आमच्या भागावर खरोखरची सुरी फिरली होती.

खेळणा नदीवरचा एक दिवस

जाफराबादपासून जवळच, खेळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई नावाचं लहानसं गाव आहे. इंग्रजी पुस्तकांत त्याला 'असाये' म्हणतात, खेळणेला 'कैटना' आणि जुईला 'जुआ'. (आपल्या नावांची त्यांनी केलेली वाट हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेची गाठ आर्थर वेलस्लीशी पडली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवलं. म्हातारपणी त्याला कुणीतरी विचारलं, की तुमची सगळ्यात चांगली लढाई कुठली? त्याने वॉटर्लूचं नाव घेतलं नाही. असईचं घेतलं.

लढाईचं सविस्तर वर्णन करत बसत नाही, पण एक किस्सा सांगायलाच हवा. नदी ओलांडायला उतार नाही असं वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं. त्याने पाहिलं, की नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं आहेत, पिंपळगाव आणि वरूड. दोन गावं इतकी जवळ असतील तर माणसं येत-जात असणारच, म्हणजे उतार असणारच, असा त्याने तर्क केला. तो बरोबर निघाला. सोप्या भाषेत सांगायचं तर, तिथल्या लोकांच्या रोजच्या पायवाटेवरून इंग्रजांची फौज पार झाली.

त्या संध्याकाळपर्यंत इंग्रजांकडचे ४२८ मेले आणि अकराशेच्या वर जखमी झाले. ७४ नंबरच्या हायलँडर पलटणीचे जवळजवळ सगळे अधिकारी पडले किंवा जखमी झाले. मराठ्यांचे रणांगणावरच बाराशेच्या आसपास मेले असा वेलस्लीचा अंदाज. त्यांचा आकडा असा 'आसपास'मध्येच राहिला. त्यांच्या शंभराच्या घरातल्या तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या.

हे सगळं कशावरून पेटलं? तर एका तहावरून. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्यात पेशव्यांचा पराभव केला आणि दुसरा बाजीराव पळाला. ३१ डिसेंबर १८०२ ला त्याने वसईला कंपनीशी तह केला. कंपनीचे सहा हजार सैनिक पोसायचे, त्यांच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा आणि कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत, अशी कलमं होती. थोडक्यात, पेशव्याने आपलं परराष्ट्र धोरण दुसऱ्याला आउटसोर्स केलं. शिंदे-भोसल्यांना ते मान्य होणं शक्यच नव्हतं. हा तह करवून घेणारा गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली म्हणजे आर्थरचा सख्खा मोठा भाऊ. एक भाऊ धोरण आखणार, दुसरा ते तलवारीने राबवणार.

आता प्रश्न असा, की या धोरणावर लंडनचे व्यंगचित्रकार काय म्हणत होते? इतकं मोठं युद्ध, इतका पैसा, इतकी मेलेली माणसं. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, कारण हिंदुस्थानावर व्यंगचित्रं काढायची तिथे चांगली जुनी रीत होती.

दुकानाची काच

त्या काळी व्यंगचित्र वर्तमानपत्रात येत नसे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून, सुट्टा कागद छापून, हाताने रंगवून ते दुकानात विकत. गिलरेची चित्रं सेंट जेम्स स्ट्रीटवर हॅना हम्फ्री या बाईंच्या दुकानात मिळत. ज्यांना परवडत नसे ते दुकानाच्या काचेपाशी गर्दी करून फुकट बघत. आपल्याकडे निवडणुकीच्या दिवसांत पानटपरीवर एकाच पेपरवर सहा डोकी वाकलेली असायची, तसंच काहीसं.

या काचेची ताकद कळली ती १७८३ मध्ये, आणि त्याचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध नुकतंच सालबाईच्या तहाने (मे १७८२) संपलं होतं. वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना शरण यायला लावलं ते याच युद्धात. या युद्धाने आणि हैदर अलीशी झालेल्या युद्धाने कंपनी कर्जात बुडाली होती आणि पार्लमेंटच्या दारात उभी होती. १७८२ मध्येच पार्लमेंटात ठराव झाला होता, की हिंदुस्थानात मुलूख जिंकत सुटणं हे या राष्ट्राच्या इच्छेच्या, अब्रूच्या आणि धोरणाच्या विरुद्ध आहे. (हा ठराव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.) मग चार्ल्स फॉक्स या मंत्र्याने विधेयक आणलं, की कंपनीचा कारभार सात जणांच्या मंडळाकडे द्यायचा. विरोधक म्हणाले, म्हणजे हिंदुस्थानातल्या सगळ्या नेमणुका आणि सगळा पैसा तुझ्याच खिशात!

५ डिसेंबर १७८३ ला जेम्स सेयर्सचं चित्र आलं, 'कार्लो खानची लेडनहॉल स्ट्रीटमध्ये विजययात्रा'. लेडनहॉल स्ट्रीट म्हणजे कंपनीच्या मुख्य कचेरीचा रस्ता. फॉक्स मोगल बादशहाच्या थाटात हत्तीवर बसलाय, हत्तीला त्याच्या जोडीदार मंत्र्याचा, लॉर्ड नॉर्थचा चेहरा, आणि पुढे तुतारी फुंकत एडमंड बर्क. चित्र तुफान खपलं. बारा दिवसांनी विधेयक लॉर्डांच्या सभागृहात पडलं आणि लगेच राजाने सरकारच बडतर्फ केलं. हे सगळं चित्रामुळे झालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, राजाने स्वतः पडद्याआडून मतं फिरवली होती. पण खुद्द फॉक्स म्हणाल्याचं सांगतात, की पार्लमेंटातल्या भाषणांपेक्षा सेयर्सच्या चित्रांनी माझं जास्त नुकसान केलं. आणि ज्या पिटला याचा फायदा झाला, त्याने सेयर्सला पुढे सरकारी पद दिलं. धाकटा पिट, तोच तो पुडिंग कापणारा.

हत्ती चित्रात आहे, मोगली पगडी आहे. ज्या मराठ्यांशी लढून कंपनीचा खजिना रिकामा झाला, त्यांच्यापैकी कुणीही नाही.

एकच हेस्टिंग्ज, दोन चित्रं

पुढची फेरी वॉरन हेस्टिंग्जची. बंगालचा गव्हर्नर जनरल म्हणून त्याने केलेल्या युद्धांचा आणि तहांचा हिशेब मागायला बर्क उभा राहिला. बर्कने जे २२ आरोप मांडले त्यातला विसावा 'मराठ्यांशी युद्ध आणि तह' हाच होता.

११ मे १७८६ ला गिलरेने चित्र काढलं. हेस्टिंग्ज उंटावर बसलाय, हाती ढाल घेऊन, शांत, सज्जन. आणि बर्क, फॉक्स, नॉर्थ हे तिघे दरोडेखोरांसारखे त्याच्यावर तुटून पडलेत. चित्राच्या नावातच हेस्टिंग्जला 'हिंदुस्थानचा तारणहार' म्हटलंय. मग १ मार्च १७८८ ला, महाभियोग सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांतच, त्याच गिलरेचं दुसरं चित्र आलं. रक्ताचा समुद्र आहे, त्यात हिंदी माणसांची प्रेतं तरंगताहेत, आणि पैशांच्या थैल्या कवटाळलेला हेस्टिंग्ज लॉर्ड चॅन्सलर थर्लोच्या खांद्यावर बसून तो समुद्र पार करतोय. दोन वर्षांपूर्वीचा तारणहार तो हाच.

गिलरे कुणाच्या बाजूचा होता? ज्या आठवड्यात जे खपेल त्याच्या बाजूचा. पुढे १७९७ च्या सुमारास त्याला पिटच्या गोटातून वर्षाला २०० पौंड सुरू झाले. 'आयटी सेल' हा शब्द नवा असेल, धंदा नवा नाही. पण एक कबूल केलं पाहिजे. ते दुसरं चित्र आजही अंगावर येतं. खरेदी-विक्रीच्या त्या बाजारात, कुणाच्या का पैशाने असेना, लंडनच्या एका दुकानाच्या काचेत हिंदुस्थानातली प्रेतं टांगली गेली. बर्क तासन्तास बोलला ते किती जणांनी ऐकलं असेल? हे चित्र रस्त्याने जाणाऱ्या हमालानेही पाहिलं असेल. फक्त त्यातही आपली माणसं आहेत ती मेलेली, बिनचेहऱ्याची, आणि समुद्र म्हणून.

हेस्टिंग्ज १७९५ मध्ये निर्दोष सुटला.

पाऊस आणि मराठ्यांचा बाजार

तिसरं चित्र मला सगळ्यात आवडतं. मे १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण घ्यायला गेला आणि हात हलवत परतला. पाऊस, उपासमार, मेलेले बैल. ओढायला जनावरं उरली नाहीत म्हणून मोठ्या तोफा स्वतःच फोडून टाकाव्या लागल्या. बातमी लंडनला पोचायला काही महिने गेले. ६ डिसेंबर १७९१ ला गिलरेने 'मोसमी पावसाचं आगमन' काढलं. तटावर उभा राहून टिपू खाली धार सोडतोय, आणि तो 'पाऊस' अंगावर घेत कॉर्नवॉलिस गाढवावरून पळतोय. दहा वर्षांपूर्वी अमेरिकेत यॉर्कटाउनला शरण गेलेला हाच सेनापती. काचेपाशी किती हशा पिकला असेल, कल्पना करा.

चित्र आपल्याच सेनापतीची खिल्ली उडवतंय, आणि ते भर युद्धात. हे सोपं नाही. त्याबद्दल गिलरेला मानलं पाहिजे.

आता चित्राबाहेर काय झालं ते बघा. माघार घेणाऱ्या त्या उपाशी फौजेसमोर २६ मे ला अचानक घोडेस्वार दिसले. इंग्रजांना वाटलं टिपूचेच, आता संपलं. पण ते मराठे होते. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा. १७९० मध्ये पुण्यात टिपूविरुद्ध झालेल्या तहाप्रमाणे आलेल्या. त्यांच्याबरोबर बाजार होता. मार्क विल्क्स या इंग्रज इतिहासकाराने त्या बाजाराची यादी दिली आहे: विलायती कापड, बर्मिंगहॅमचे चाकू, काश्मिरी शाली, हिरे, कोकणातली सुकी मासळी, आणि एखाद्या गरीब खेडवळ पोरीच्या कानातून ओरबाडलेले चांदीचे डूल. भाव अव्वाच्या सव्वा होते, पण इंग्रज फौज जगली.

गिलरेच्या चित्रात मराठे नाहीत. मित्र म्हणूनही नाहीत. आणि एवढ्यावर थांबलो असतो तर मी 'बघा, इंग्रजांनी आपल्यावर कसा अन्याय केला' असा लेख लिहून मोकळा झालो असतो. पण ते चांदीचे डूल सोडत नाहीत. त्या पोरीला मराठ्यांच्या फौजेने लुटलं होतं की आणखी कुणी, विल्क्स सांगत नाही. बखरीत तिचं नाव नाही, पोवाड्यात नाही, गिलरेच्या चित्रात तर नाहीच नाही. जो चित्र काढतो त्याच्या नजरेपलीकडे कुणीतरी राहतंच, आणि आपणही त्याला अपवाद नव्हतो.

आणि मग १८०३

या सगळ्यानंतर असईचं युद्ध येतं, आणि लंडनची काच दुसरीकडे वळलेली असते. मे १८०३ मध्ये फ्रान्सशी पुन्हा युद्ध सुरू झालं. नेपोलियन खाडी ओलांडून येणार या भीतीने सगळं इंग्लंड धास्तावलं होतं. गिलरेने २४ मे ला थयथयाट करणारा, फर्निचर लाथाडणारा बुटका 'बोनी' काढला, जूनमध्ये इंग्लंडच्या राजाच्या तळहातावर उभा असलेला चिमुकला बोनी काढला. नेपोलियन बुटका होता अशी जी आपल्या सगळ्यांची समजूत आहे ना, ती बरीचशी या चित्रांची करामत. प्रत्यक्षात तो त्या काळच्या मानाने मध्यम उंचीचा होता.

अशा हवेत खेळणेकाठचे दौलतराव शिंदे कुणाला आठवणार? आणि हे नुसतं दुर्लक्ष नाही, व्यंगचित्राची तांत्रिक अडचणही आहे. अर्कचित्र चालतं ते ओळखीच्या चेहऱ्यावर. बघणाऱ्याच्या डोक्यात तो चेहरा आधीच साठवलेला लागतो, तेव्हाच नाक लांब केलं की हसू येतं. टिपू लंडनला माहीत होता. पुण्याचा दरबारही चित्रांत गेला होता: टॉमस डॅनियलने पुण्याच्या १७९० च्या त्याच तहाचं भलंमोठं तैलचित्र रंगवलं, त्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस आहेत. आता ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. चित्राचं साल १८०५, म्हणजे पुडिंगचंच. पण ते दिवाणखान्यातलं चित्र. काचेसमोरच्या गर्दीच्या डोक्यात दौलतरावांचा चेहरा नव्हता. आपल्या ऑफिसच्या भाषेत, मराठे 'आउट ऑफ स्कोप'.

असईची आठवण म्हणून तिथे लढलेल्या पलटणींना जे चिन्ह मिळालं तेही बघण्यासारखं आहे. हत्ती. म्हणजे पुन्हा हत्तीच.

पुडिंगचं चित्र आलं आणि पाचेक आठवड्यांनी, एप्रिल १८०५ मध्ये, फिलिप फ्रान्सिस या म्हाताऱ्या खासदाराने मराठ्यांशी केलेल्या युद्धाचा प्रश्न पार्लमेंटात काढला. त्याचा मुद्दा सरळ होता: १७८२ मध्ये आपणच ठराव केला होता ना, की मुलूख जिंकत सुटायचं नाही? मग हे काय चाललंय? गंमत म्हणजे वसईच्या तहाबद्दल सरकारमधल्या कॅसलरेलाही शंका होत्या, त्या त्याने वेलस्लीला लिहूनही कळवल्या होत्या. पण जाहीरपणे त्याने बचाव केला. ठराव पडला.

जेम्स पॉल नावाच्या दुसऱ्या एकाने रिचर्ड वेलस्लीवर अयोध्येच्या नबाबाकडून जबरदस्तीने मुलूख लिहून घेतल्याचे आरोप ठेवले. हा पॉल लखनौला व्यापार करून आलेला. त्याच्याबाबत मात्र गिलरेची लेखणी फार चपळाईने चालली. नोव्हेंबर १८०६ च्या निवडणुकीत त्याने पॉलला हंसावर बसलेला टीचभर शिंपी म्हणून काढलं, कारण काय तर बाप शिंपी होता म्हणे. पॉल निवडणूक हरला. १८०८ मध्ये त्याने आत्महत्या केली. ती केवळ चित्रामुळे असं मी म्हणणार नाही, कर्ज होतं, द्वंद्वयुद्धातली जखम होती. पण हिंदुस्थानातल्या धोरणावर प्रश्न विचारणारा माणूस काचेमागे दिसला तो 'शिंप्याचा पोरगा' म्हणून, एवढं खरं.

सगळ्या चित्रांतून मला जे दिसतं ते असं: युद्धकाळातलं व्यंगचित्र परक्या देशाबद्दल बोलतंय असं वाटतं, पण भांडण बहुतेक वेळा घरातलंच असतं. आपल्या राज्यकर्त्यावर ते जबरदस्त चालतं. ज्यांच्या अंगणात युद्ध होतं त्यांच्याबद्दल त्याला फारसं काही माहीत नसतं.

पेन्सिल आपल्या हातात आल्यावर

पहिला भाग किती खरा आहे याचं उत्तम उदाहरण डेव्हिड लो. नोव्हेंबर १९३७ मध्ये ब्रिटनचा लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला गेला तेव्हा गोबेल्सने लोच्या चित्रांची तक्रार केली. परत आल्यावर हॅलिफॅक्सने खुद्द लोला भेटून जरा सबुरीने घ्यायला सांगितलं. लोने थोडे दिवस हिटलर आणि मुसोलिनी मिळून एकच पात्र बनवलं, म्हणजे कुणाचंच नाव नको! मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि लो पुन्हा मूळपदावर आला. एका सरकारचं परराष्ट्र धोरण एका माणसाच्या ब्रशमुळे अडचणीत येतंय, हे दृश्यच भारी आहे.

याच लोची चित्रं बघत आपल्याकडची एक पिढी तयार झाली. १९४७ च्या सुमारास मुंबईच्या 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये आर. के. लक्ष्मण आणि बाळ ठाकरे एकाच वेळी नोकरीला होते. दोघेही लोचे चाहते. १९६२ च्या चीन युद्धानंतर लक्ष्मण यांनी नेहरूंवर सडकून चित्र काढलं, आणि दुसऱ्या दिवशी फोन वाजला. पलीकडे नेहरू. चित्र आवडलं, मोठं करून सही करून द्याल का, फ्रेम करायचंय, असं म्हणाले. हा किस्सा लक्ष्मण स्वतः सांगायचे. हरलेल्या युद्धानंतर पंतप्रधानाने असा फोन करणं, हे मोठेपण आहेच.

पण आपली कसोटी इथेही लावून बघू. १९६२ च्या व्यंगचित्रांचे हुकमी चेहरे कुठले? नेहरू, कृष्ण मेनन, चाऊ एन लाय. तवांगचा मोनपा शेतकरी मुंबईच्या वाचकाने ओळखला असता का? आणि त्या युद्धात आपल्याच देशातल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं होतं, त्यांचे चेहरे? तेही आउट ऑफ स्कोप. पेन्सिल आपल्या हातात आली म्हणून नियम बदलला नाही. लंडनच्या जागी मुंबई-दिल्ली आली.

आता काचेची जागा मोबाइलने घेतली आहे. युक्रेन असो, गाझा असो, मे २०२५ मधले आपले आणि पाकिस्तानचे चार दिवस असोत, व्यंगचित्रं आणि मीम मिनिटामिनिटाला येतात. मी फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारतो. तुम्हालाही उपयोगी पडतील:

१. या चित्रात चेहरा कुणाला आहे, आणि कोण नुसता हत्ती, उंट किंवा समुद्र आहे?
२. हे चित्र आपल्या सत्तेला टोचतंय, की आपल्याला प्रश्न विचारणाऱ्या एखाद्या 'शिंप्याच्या पोराला'?
३. याचे २०० पौंड कोण देतंय?

तिसऱ्याचं उत्तर बहुधा मिळत नाही. पहिल्या दोघांचं मिळतं, जरा थांबून बघितलं तर.

राहता राहिला आमचा तुकडा

असईनंतर तीन महिन्यांत दोन तह झाले. १७ डिसेंबर १८०३ ला देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचा आपला मुलूख सोडला, जालन्याच्या किल्ल्यासकट. दोन्हींतला मोठा वाटा इंग्रजांचा दोस्त म्हणून निजामाच्या ताटात पडला. वऱ्हाड पुढे १८५३ मध्ये इंग्रजांनी कारभारासाठी काढून घेतला, म्हणजे जाफराबाद निजामाकडे आणि पलीकडचं चिखली इंग्रजी अंमलाखाली. भाषा तीच, सोयरीक तीच, मधे संस्थानाची हद्द. आमच्या बाजूला ती निजामशाही १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकली. १८०३ मधल्या एका दुपारचा हिशेब फिटायला एकशे पंचेचाळीस वर्षं लागली. मराठवाडा आणि विदर्भ यांचे प्रश्न वेगळे का, कायदे-कानून, शाळा, जमिनीची दप्तरं वेगळी का, याची मुळं शोधत गेलात तर एक वाट इथे येऊन पोचते.

पुडिंगावर हॅनोव्हर मात्र आहे बरं का, नेपोलियनचा काटा त्यातच रुतलाय. आणि असईला शिंद्यांच्या कवायती पायदळाचं नेतृत्व करणारा अँथनी पोहलमान हा हॅनोव्हरचाच. म्हणजे आमच्या लढाईतल्या एका माणसाचं गाव तरी चित्रात आलं म्हणायचं!

वाचकांपैकी कुणी चित्रं काढणारं असेल तर एक काम आहे. टेबल तसंच ठेवा. पिट आणि बोनीच्या जागी दोन वेलस्ली भाऊ बसवा, शेजारी ताट पुढे करून निजाम. मधल्या पुडिंगवर खेळणा, जुई आणि पूर्णा काढा. पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं समोरासमोर दाखवा, आणि त्यांच्या मधल्या उतारावरून रोजच्यासारखी नदी ओलांडणारी दोन-चार माणसं. त्यांना नीट चेहरे द्या. माझी चित्रकला इंजिनीअरिंग ड्रॉइंगच्या पुढे कधी गेली नाही, त्यामुळे ते तुमच्यावर सोपवतो.